दोन समुद्र आणि एक मुरमाची वाट

मागच्या उन्हाळी सुट्टीत मी फ्रान्समध्ये सहा दिवस सायकल चालवली असे सांगितले की मैत्रिणी दोनच प्रश्न विचारतात. पॅरिस पाहिलेस का, आणि आयफेल टॉवरवर चढलीस का? दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. पॅरिसला मी फक्त विमान बदलले. माझे सहा दिवस गेले ते दक्षिण फ्रान्समधल्या एका कालव्याच्या काठी, मुरमाच्या वाटेवर. त्या वाटेवर मोटारगाडीला बंदी आहे. हॉर्न नाही, धूर नाही. एका हाताला संथ हिरवे पाणी आणि दुसऱ्या हाताला गव्हाची शेते नाही तर द्राक्षमळे. या वाटेवर मला एक माणूस भेटला. त्याला जाऊन साडेतीनशे वर्षे होत आली आहेत. त्याचे नाव पिएर-पॉल रिके. या लेखात मला त्याची हकीकत सांगायची आहे.

मी इतिहासाची विद्यार्थिनी. माझा दादा तुलूज शहरात विमानांच्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याने बोलावले आणि आईने होय-नाही करत पाठवले. दादाने दोन सायकली भाड्याने आणून ठेवल्या होत्या. तिकडे त्यांना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर रुंद आणि नक्षीदार. खडी, मुरूम, माती कशावरही चालावी अशी त्यांची घडण. अशा सायकलींसाठी फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतून मोटारविरहित वाटांचे मोठे जाळे आहे. कुठे बंद पडलेल्या लोहमार्गाची वाट, कुठे जंगलखात्याची, कुठे कालव्याकाठची. यांतली सर्वांत प्रसिद्ध वाट ‘कानाल द्यू मिदी’ या कालव्याकाठची आहे.

कालव्याकाठची वाट मला नवी नव्हती. माझे गाव नीरा डाव्या कालव्यावर आहे. आजोबा पाटकरी होते. मी पाचवीपासून दहावीपर्यंत कालव्याच्या भरावावरूनच सायकलने शाळेत गेले. आजोबा नेहमी सांगत की पाणी माणसाचे ऐकत नाही, ते उताराचे ऐकते. उतार द्यायला चुकलात तर देवसुद्धा पाणी पुढे नेणार नाही. लहानपणी ते मला पाटकऱ्याचे बोलणे वाटे. रिकेचे चरित्र वाचताना कळले की हे वाक्य म्हणजेच त्याच्या आयुष्याचा सारांश आहे.

रिकेचा जन्म १६०९ साली बेझिए या गावी झाला. वडील गावातले बडे प्रस्थ, कायद्याच्या व्यवहारातले. घरात पैसा होता. पण मुलाचे ग्रीक आणि लॅटिनकडे लक्ष नव्हते. त्या काळी ज्याला या दोन भाषा येत नाहीत तो शिकलेला मानला जात नसे. पुढे आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे पत्र लिहिताना रिकेने ही उणीव स्वतःच कबूल केली आणि आपले फ्रेंचही बेताचेच आहे अशी पुस्ती जोडली. तो अभियंता नव्हता, गणिती नव्हता, सरदारही नव्हता. तो होता मिठाच्या कराचा मक्तेदार.

इथे मला थोडे थांबले पाहिजे. मिठावरचा कर म्हटला की आपल्याला १९३० साल आठवते, दांडी आठवते, आपल्या कोकणातले शिरोडे आठवते. फ्रान्समध्येही हा कर शतकानुशतके होता. त्याला ‘गाबेल’ म्हणत. गरिबाला श्रीमंताइतकेच मीठ लागते, म्हणून गरिबाला तो अधिक जाचे. सरकार कर स्वतः गोळा करत नसे; ठरावीक रक्कम भरणाऱ्याला वसुलीचा मक्ता देई. मक्तेदार वर जे गोळा करील ते त्याचे. रिके या व्यवसायात खालच्या पायरीवर शिरला आणि चढत चढत लांगदोक या साऱ्या प्रांताचा मक्तेदार झाला. पुढे रुसियों प्रांताचा मक्ताही त्याच्याकडे आला. तिथे मिठाच्या करावरून डोंगरी शेतकरी शस्त्र घेऊन उठले आणि ते बंड कित्येक वर्षे धुमसत राहिले. म्हणजे आमच्या चरित्रनायकाची तिजोरी कशी भरली याविषयी कुणाच्या मनात शंका राहू नये. मला तरी तो भाग झाकून ठेवता येत नाही.

पण या धंद्याने त्याला एक गोष्ट दिली. मिठाच्या निमित्ताने तो प्रांतभर घोड्यावरून हिंडला. कुठला ओढा कुठून येतो, कुठे आटतो, कुठला डोंगर किती पाणी धरतो, हे त्याने पाहून ठेवले. तुलूजजवळ बाँरपो इथे त्याने जहागीर विकत घेतली आणि तिथल्या बागेत छोटे कालवे, तळी, दरवाजे बांधून पाणी कसे वागते ते तो पाहू लागला. शेजाऱ्यांना तो श्रीमंताचा छंद वाटला असेल. प्रत्यक्षात ती त्याची शाळा होती.

फ्रान्सच्या पश्चिमेला अटलांटिक महासागर आणि दक्षिणेला भूमध्य समुद्र. एकीकडून दुसरीकडे माल न्यायचा तर जहाजांना स्पेनला वळसा घालून जिब्राल्टरमधून जावे लागे. हा वळसा सुमारे ३,००० किलोमीटरचा. वाटेत वादळे, चाचे आणि शत्रुराष्ट्राची तोफ. बोर्दोपासून तुलूजपर्यंत गारोन नदी होती. तुलूजपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालवा खणला तर दोन समुद्र जोडले जाणार होते. ही कल्पना रिकेची नव्हे. पहिल्या फ्रान्स्वा राजाच्या दरबारात लिओनार्दो दा व्हिंचीच्या काळीही तिची चर्चा झाली होती. प्रत्येक वेळी घोडे एकाच ठिकाणी अडे. मधे नोरूझ नावाची खिंड आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १९० मीटर उंच. कालवा तिथून दोन्ही बाजूंना उतरणार. नावा वर चढायच्या आणि खाली उतरायच्या तर प्रत्येक वेळी माथ्यावरचे पाणी खर्च होणार. मग माथ्यावर पाणी आणायचे कुठून? नदी डोंगरावर चढत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तुलूजहून निघालो तो थेट या नोरूझपर्यंत, पन्नासेक किलोमीटर. सुरुवातीचा बराच भाग सायकलींसाठी डांबरी केलेला आहे. पुढे जिल्हा बदलतो आणि वाट मुरमाची होते. मजा अशी की १९० मीटर उंचीवर आलो तरी चढ असा कुठे लागलाच नाही. प्रत्येक लॉकपाशी चारदोन पॅडल जोरात मारायची, की पुन्हा सपाट. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. दोन दरवाजांमधल्या कोठडीत नाव घ्यायची, खालचा दरवाजा लावायचा, वरून पाणी सोडायचे. कोठडी भरली की नाव आपोआप वरच्या पातळीला येते. काठची वाटही तेवढीच पायरी चढते. मला आजोबा आठवले. पाण्यासाठी राखलेला उतार सायकलस्वारालाही मानवतो.

नोरूझला रिकेच्या वंशजांनी उभारलेला एक दगडी स्तंभ आहे. पण मला तिथे अधिक पाहायचे होते ते पाणी. डोंगरातून एक बारीक पाट येतो आणि कालव्याला मिळतो. त्यातले काही पाणी डावीकडे वळून अटलांटिककडे जाते, काही उजवीकडे वळून भूमध्य समुद्राकडे. आम्ही दोघे तिथे अर्धा तास काही न बोलता बसलो होतो.

हा पाट हेच रिकेचे उत्तर. ईशान्येला माँताञ न्वार, म्हणजे काळा डोंगर आहे. तिथे पाऊस चांगला पडतो. रिकेच्या लक्षात आले की त्या डोंगरातले ओढे अडवून, उतार सांभाळत, वळणे घेत घेत त्यांचे पाणी नोरूझला आणता येईल. या कामी त्याला मोलाची मदत झाली ती रेव्हेल गावच्या पिएर कांपमास याची. हा गावचे झरे आणि पाण्याच्या वाटा सांभाळणारा माणूस होता. आमच्या भाषेत सांगायचे तर पाटकरी. दरबारी अभियंत्यांना जे सुचले नाही ते मिठाचा मक्तेदार आणि गावचा पाटकरी यांनी मिळून काढले. हे वाचून मला काय वाटले असेल ते सांगायला नको.

१५ नोव्हेंबर १६६२ रोजी रिकेने चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला पत्र लिहिले. तेव्हा तो त्रेपन्न वर्षांचा होता. त्या काळच्या मानाने हे म्हातारपणच. नातवंडे खेळवायच्या वयात माणूस दोन समुद्र जोडायला निघाला होता. तुलूजच्या आर्चबिशपची शिफारस पाठीशी होती, म्हणून पत्र वाचले तरी गेले. चौकशी समिती बसली. समितीला कागदावरचा उतार पटेना, तेव्हा १६६५ साली रिकेने स्वखर्चाने एक प्रयोगाचा चर खणून डोंगरातले पाणी नोरूझपर्यंत आणून दाखवले. पाणी आले आणि वाद संपला. ऑक्टोबर १६६६ मध्ये राजाज्ञा निघाली. आपल्याकडच्या वाचकाला काळाचा अंदाज यावा म्हणून सांगते, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुख्य कालवा सोडून त्या पाटाच्या काठाने उलट दिशेला गेलो. या पाटाला ‘रिगोल’ म्हणतात. ही वाट मला सर्वांत आवडली. पाट जेमतेम चारदोन पावले रुंद, वर झाडांची गर्द सावली, खाली पालापाचोळा आणि बारीक खडी. चाळीस किलोमीटरमध्ये वाट इतकी वळते की सूर्य कधी समोर तर कधी पाठीशी येतो. दादा म्हणाला, सरळ काढली असती तर निम्म्या वेळात पोचलो असतो. पण सरळ काढली असती तर पाणीच आले नसते. टेकडी आली की तिच्या कडेकडेने, दरी आली की तिच्या पोटातून, एका पातळीवर पाणी नेताना रिकेच्या माणसांनी मातीचा प्रत्येक उंचसखल भाग विचारात घेतला होता. आज नकाशावर ते एक नागमोडी रेघ म्हणून दिसते. सायकलवर ते पायांना कळते.

या पाटाला उन्हाळ्यातही पाणी पुरवणारे धरण म्हणजे सँ-फेरेओल. १६६७ साली त्याचा पाया घातला आणि १६७२ साली ते पूर्ण झाले. मातीचा आणि दगडाचा सुमारे ७८० मीटर लांबीचा बांध. तलावात ६० लाख घनमीटरांहून अधिक पाणी मावते. त्या काळात युरोपमध्ये एवढे धरण दुसरे नव्हते. वाफेचे यंत्र नाही, सुरुंगाखेरीज स्फोटक नाही. फावडी, टोपल्या आणि माणसे, एवढ्यावर ते उभे राहिले. स्त्रियांनी डोक्यावरून माती वाहिली. अलीकडच्या संशोधनात असेही मांडले गेले आहे की पिरनी पर्वतातून आलेल्या बायकांना डोंगरातले पाणी खेळवण्याचे परंपरागत ज्ञान होते आणि कालव्याच्या कामात त्याचाही उपयोग झाला. रोजगार हमीच्या कामावर माती वाहिलेल्या बायका आपल्या गावोगावी आहेत. त्यांचीही नावे कुठल्या शिलालेखावर नाहीत.

ऐन भरात या कामावर बारा हजार माणसे होती. त्यांच्याशी रिके जसा वागला ते त्या काळात नवलाचे होते. त्याने महिन्याचा पगार सुरू केला. पाऊस पडून काम बंद राहिले, रविवार आला, सण आला, माणूस आजारी पडला, तरी पगार कापला जात नसे. तो उदार होता की चतुर होता? सुगीत मजूर शेतीकडे पळू नयेत म्हणून हे करणे त्याला भागच होते, असेही म्हणता येईल. मला वाटते, दोन्ही खरे असावे. पण ज्याने मिठाचा कर वसूल करताना गरिबाची गय केली नसेल, तोच माणूस मजुराच्या आजारपणाचे पैसे देतो, ही विसंगती मला वाटभर सतावत राहिली. इतिहासाच्या तासाला आपण माणसांना चांगला आणि वाईट अशा दोन खणांत टाकतो. रिके कुठल्याही खणात नीट बसत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी वाट बिघडली. वाटेवर झाडांची मुळे उघडी पडली होती आणि सायकल उखळीत घातल्यासारखी हादरत होती. दादाचे मागचे चाक दोनदा पंक्चर झाले. काठावर सावली देणारी प्लेन जातीची जुनी झाडे आहेत. तीही रिकेची नव्हेत, एकोणिसाव्या शतकातली आहेत. एकूण बेचाळीस हजार होती. २००६ साली त्यांना एक बुरशीजन्य रोग झाल्याचे आढळले आणि त्यावर औषध नसल्याने निम्म्याहून अधिक झाडे तोडावी लागली. तोडलेल्या जागी रोगाला दाद न देणाऱ्या जातींची रोपे लावली जात आहेत. काही ठिकाणी मैलभर ऊन आणि काठीच्या आधाराने उभी असलेली कोवळी रोपे, असे दृश्य दिसले. ही रोपे लावणाराही त्यांच्या सावलीत बसणार नाही.

कारकासोन हे किल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले शहर या वाटेवर आहे. रिकेच्या काळी या शहराने कालव्यासाठी पैसे द्यायला नकार दिला. परिणाम असा झाला की कालवा शहराला वगळून दूरून गेला. पुढे शहराला पश्चात्ताप झाला आणि नवा फाटा खणून १८१० साली कालवा गावात आला. पैशाची ही कथा कारकासोनपुरती नव्हती. खर्च ढोबळमानाने राजा, प्रांताची सभा आणि रिके यांनी वाटून घेतला होता. राजाचे आणि प्रांताचे प्रत्येकी पाचातले दोन भाग, रिकेचा एक. राजाचे युद्ध सुरू झाले की हप्ता लांबे. प्रांताची सभा तर नेहमीच हात आखडता घेई. मजुरांचा पगार मात्र थांबवता येत नव्हता. रिकेने कर्ज काढले, कर्जावर कर्ज काढले. मुलींच्या हुंड्याचे पैसेही कालव्यात गेले असे त्याचे चरित्रकार सांगतात. मिठातून आलेला पैसा असा पाण्यात गेला.

अडचणी पैशाच्याच होत्या असे नाही. सुरुवातीच्या एका लॉकची भिंत मातीच्या दाबाने खचली. तेव्हापासून रिकेने लॉकच्या सरळ भिंती सोडून दिल्या आणि त्या बाहेरच्या बाजूला फुगीर बांधल्या. कमानीसारखा आकार असल्याने माती कितीही रेटो, भिंत टिकते. अंड्याच्या आकाराची ही लॉके आजही चालू आहेत. रेप्यूद्र नावाचा ओढा आडवा आला तर १६७६ साली ओढ्यावर दगडी पूल बांधून त्यावरून कालवा नेला. पाण्यावरून पाणी! चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही त्या पुलावरून सायकली हातात धरून गेलो. दगड झिजून गुळगुळीत झाले आहेत. खाली ओढा खळखळत होता आणि वर कालवा निश्चल होता.

या भागात एक चमत्कार आहे. बेझिएच्या अलीकडे सलग ५४ किलोमीटर एकही लॉक नाही. सगळे पाणी एकाच पातळीवर. त्यासाठी कालवा टेकड्यांच्या कडेने एवढी वळणे घेतो की एकाच गावाचा घंटाघर-मनोरा आम्हाला तीन वेगवेगळ्या बाजूंनी दिसला. पण माल्पासला डोंगर असा आडवा येतो की त्याला वळसा नाही. तिथला खडक ठिसूळ आणि वाळूमिश्रित. विरोधकांना संधी मिळाली. रिकेचा कालवा डोंगराला जाऊन थडकला अशी टिंगल झाली. कोल्बेरचाही आता त्याच्यावर पूर्वीसारखा विश्वास राहिला नव्हता. काम थांबवण्याचा हुकूम येऊन पोचण्याआधी किंवा आल्यावरही, हे नीट सांगत नाहीत, पण थोड्याच दिवसांत रिकेच्या माणसांनी डोंगर आरपार फोडला आणि अधिकाऱ्यांना मशालींच्या उजेडात आतून नेऊन आणले, अशी कथा आहे. १६७९-८० सालचा हा सुमारे १६५ मीटरचा बोगदा. नावा जाण्यासाठी खणलेला युरोपातला तो पहिला बोगदा मानला जातो. बोगद्यात नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी सोय नव्हतीच म्हणावी लागेल. सायकलची वाटही तिथे डोंगरावरून जाते.

बोगद्यानंतर बेझिए, रिकेचे जन्मगाव. तिथे कालव्याला एकदम वीस मीटरांहून अधिक खाली उतरायचे होते. त्यासाठी फाँसरान इथे आठ कोठड्यांचा एक जिनाच बांधला आहे. आम्ही पाचव्या दिवशी दुपारी पोचलो तेव्हा एक पर्यटकांची नाव खाली उतरत होती. आठ वेळा दरवाजे उघडले, आठ वेळा मिटले. दोन-अडीचशे माणसे काठावर उभी राहून एवढेच पाहत होती. गावात मुख्य रस्त्यावर रिकेचा पुतळा आहे. दाव्हीद दांजे या शिल्पकाराने घडवलेला, १८३८ सालचा. पुतळ्यातला रिके अंगरखा घालून ऐटीत उभा आहे. कर्जाचे ओझे पुतळ्यात दाखवता येत नाही.

१ ऑक्टोबर १६८० रोजी रिके तुलूजमध्ये वारला. चौदा वर्षे कालव्यावर राबलेला हा माणूस गेला तेव्हा शेवटचा थोडासा तुकडा उरला होता. एक लीग, म्हणजे जेमतेम चार किलोमीटर, असे सांगतात. त्याच वर्षी एप्रिलमध्ये इकडे रायगडावर महाराजांनी देह ठेवला होता. रिकेच्या मुलाने उरलेले काम पुरे केले आणि मे १६८१ मध्ये, म्हणजे आठ महिन्यांच्या आतच, कालव्यातून पहिल्या अधिकृत नावा समुद्राकडे निघाल्या. २४० किलोमीटरचा कालवा झाला. घराण्यावर वीस लाख लिव्रहून अधिक कर्ज राहिले. कालव्याच्या उत्पन्नातून ते फिटायला आणि नफा दिसायला १७२४ साल उजाडले. तोवर रिकेला जाऊन चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

पुढे दीडशेहून अधिक वर्षे हा कालवा प्रांताची मुख्य नाडी होता. धान्य, दारूची पिंपे, टपाल, प्रवासी, सगळे त्यावरून जाई. नावा घोडे ओढत. घोड्यांना चालायला काठावर वाट लागे आणि ती वाट मोकळी ठेवावी लागे. १७८७ साली अमेरिकेचा भावी अध्यक्ष थॉमस जेफरसन या कालव्यातून गेला. त्याने आपल्या घोडागाडीची चाके काढून ती नावेवर चढवली होती आणि पाय मोकळे करायला तो काठाकाठाने या वाटेवरून चालत असे. मग १८५७ साली बोर्दो ते सेत लोहमार्ग सुरू झाला. पुढच्याच वर्षी कालवा रेल्वे कंपनीच्याच ताब्यात गेला. ज्याच्याशी स्पर्धा त्याच्याच हाती किल्ल्या! मालवाहतूक ओसरत गेली आणि १९८०च्या दशकात जवळजवळ संपली. १९९६ साली युनेस्कोने कालव्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत घातले.

सहाव्या दिवशी सकाळी मी आणि दादा शेवटच्या टप्प्याला निघालो. वाट अरुंद होत गेली, मुरमाची वाळू झाली, हवेला खारट वास येऊ लागला. माझ्या मनात एक हिशोब चालू होता. रिकेला दोन समुद्र जोडायचे होते. व्यापार वाढवायचा होता, राजाची मर्जी आणि स्वतःचे नाव मिळवायचे होते. यातला व्यापार आता नाही. राजा नाही. मिठाचा करही नाही. उरली आहे ती घोड्यांच्या पायांसाठी काठावर सोडलेली मातीची पट्टी. तिच्यासाठी रिकेने कोल्बेरला पत्र लिहिले नव्हते. ती केवळ गरज म्हणून आली. आणि आज तिच्यावरून म्हाताऱ्या बायका भाजीची टोपली लावून सायकलने जातात, बाप लेकराला सायकल शिकवतो, परदेशी पोरे तंबू बांधून हिंडतात. कुणालाही पैसे पडत नाहीत. ज्याने मिठासारख्या वस्तूवर लोकांकडून पैसे वसूल केले, त्याच्या हातून ही एकच गोष्ट फुकट सुटली. याला न्याय म्हणावे की योगायोग, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

मी कला शाखा घेतली तेव्हा घरी आणि दारी एकच प्रश्न होता, इतिहास शिकून उपयोग काय? मी त्याला कधी नीट उत्तर देऊ शकले नाही. आजही नाही. पण एवढे कळले आहे की कामाचा उपयोग काय ते काम करणाऱ्याला हयातीत कळतेच असे नाही, आणि जो उपयोग त्याने धरला होता तोच शेवटी राहील असेही नाही. उतार मात्र नीट धरावा लागतो. तो चुकला असता तर पाणीही नसते आणि वाटही नसती.

काठावर लेझाँग्लू इथे एक छोटे दीपगृह आहे. तिथे कालवा तोच्या खाऱ्या सरोवराला मिळतो आणि त्या सरोवरापलीकडे सेतचे बंदर. वाट तिथेच संपते. शेवटच्या गावापासून तिथवरचे चार किलोमीटर आम्हाला पंधरा-वीस मिनिटे लागली. रिकेने न पाहिलेला तुकडा तो हाच. दादाने सायकल भिंतीला टेकवली आणि घड्याळ पाहिले. परतीच्या गाडीला अजून दोन तास होते. आम्ही डबा उघडला. आईने दिलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा शेवटचा घास आम्ही तिथे, पाण्यात पाय सोडून खाल्ला.